कोणाचा सुकऱ्या?

खोडाळा,
९ फेब्रुवारी २०२५

चि. निशा हिला हौशीआत्याचे पोटभर आशीर्वाद.

हे पत्र मिळालं की लगेच फोन करू नकोस. फोनवर तू चालता चालता बोलतेस, मध्येच "हं, हं" करतेस, आणि माझ्या डोक्यात अर्धंच शिरतं. मी कारकुनीत जन्म काढला. कागदावर आलेलं मला पटतं आणि परत वाचताही येतं. तेव्हा उत्तर कागदावरच दे.

आता काम सांगते. सूर्यमाळला माझ्या सासरच्या पाड्यावरची विहीर आताच तळाला गेली आहे. खाली ओहोळात बारमाही झरा आहे, पण तिथून हंडे घेऊन चढ चढायचा म्हणजे दुपार संपते. माझी थोरली जाऊ धोंडीबाई लग्न होऊन आली त्या उन्हाळ्यापासून तो चढ चढते आहे. जव्हारचा चंद्रकांत, तोच सौर पंप बसवणारा, त्याला मी घेऊन गेले. त्याने झरा पाहिला, वरची जागा पाहिली आणि म्हणाला, "पाणी चढेल, बाई." ग्रामपंचायतीचा ठरावही मी करून घेतला. सरकारी योजनेत नंबर लागायला वेळ आहे, आणि माझ्यात तेवढा दम नाही.

मग मला आठवलं. वेतन आयोगाच्या फरकाचे पैसे मी तुझ्या नादाने त्या तुमच्या डिजिटल नाण्यात घातले होते. तुझे बाबा तेव्हा आठवडाभर माझ्याशी बोलले नव्हते. आता ते चांगलेच फुगलेत. पैसे म्हणते मी, तुझे बाबा नव्हेत. ते विकायचे आणि पाणी वर आणायचं, असं मी ठरवलं आहे. चंद्रकांत अक्षय्यतृतीयेनंतर त्र्यंबककडच्या मोठ्या कामावर जाणार आणि मग पावसाळा संपेपर्यंत हाती लागणार नाही. तेव्हा त्याच्या आत सगळं झालं पाहिजे. कसं करायचं ते नीट, सावकाश, मला समजेल असं लिही.

तुझी,
हौशीआत्या


पुणे,
१५ फेब्रुवारी २०२५

ती. हौशीआत्यास निशाचा वाकून नमस्कार.

तुझं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं तेव्हा वॉचमनकाका स्वतः वर घेऊन आले. इथे हाताने लिहिलेलं पाकीट कोणी पाहिलेलंच नाही. पत्र मी तीनदा वाचलं. आत्या, तू ग्रेट आहेस.

आता नीट ऐक. तुझं नाणं तुझ्या फोनमधल्या वॉलेटमध्ये आहे. ते बँकेकडे नाही, तुझ्या हातात आहे. विकायचं तर आधी ते एक्स्चेंजवर, म्हणजे या नाण्यांच्या बाजारात, पाठवावं लागतं. तिथे तुझं खातं मी दिवाळीत उघडून दिलंय. त्या खात्याला एक पत्ता असतो, इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक माळ. त्या पत्त्यावर पाठवायचं, मग तिथे विकायचं, मग पैसे तुझ्या बँकेत येतात.

भीती एकाच गोष्टीची आहे. एकदा पाठवलं की परत येत नाही. दुसऱ्याच पत्त्यावर गेलं, तर ज्याच्यापुढे अर्ज ठेवायचा असा साहेबच कुठे नसतो. हे वॉलेट आमचीच कंपनी बनवते, म्हणून आम्ही त्यात एक पडदा केलाय. तू 'पाठवा' दाबलंस की लगेच काही जात नाही. वॉलेट आधी तो व्यवहार खोटा खोटा करून बघतं आणि तुला दाखवतं, की हे केलंस तर तुझ्याकडून किती जाईल, कोणाकडे जाईल, वाटेत किती कापलं जाईल आणि तुझ्याकडे काय उरेल. पटलं तर पुढे जायचं, नाही पटलं तर मागे फिरायचं. दोन वर्षं मी याच पडद्यावर काम करतेय. घरी कधी बोलले नाही, कारण बाबा लगेच विचारतात, "म्हणजे तू नक्की करतेस काय?"

आधी अगदी थोडंसं पाठवून बघ. ते पोचलं की मग बाकीचं. आणि वॉलेटचे ते बारा गुप्त शब्द कोणाला सांगू नकोस, मला पत्रातसुद्धा लिहू नकोस.

तुझी निशा


खोडाळा,
२४ फेब्रुवारी २०२५

चि. निशा,

थोडंसं पाठवलं. पोचलं. बाजाराच्या दिवशी, भाजी घेऊन झाल्यावर, पिशवी मांडीत ठेवून एसटीच्या शेडमध्ये बसून केलं. शेजारी बसलेल्या बाईला वाटलं मी नातवंडांचे फोटो बघतेय.

तुझा पडदा मला आवडला. काय जाणार, काय उरणार, सगळं समोर. असला पडदा माणसांच्या तोंडापुढे असता तर निम्मी भांडणं झालीच नसती. मी तुझ्या बाबांनाही दाखवला आणि सांगितलं, "हे तुमची मुलगी करते." त्यांनी चष्मा लावून बघितला आणि म्हणाले, "अक्षर मोठं आहे, बरं आहे." त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं.

आता तक्रारी. पहिली, त्या पडद्याला 'पूर्वावलोकन' हे नाव कोणी दिलं? मला वाटलं कुठल्या तरी व्रताचं उद्यापन आहे. आणि दुसरी तक्रार मोठी आहे. पत्ता दाखवताना पुढची चार अक्षरं दाखवलीत, मागची चार दाखवलीत, आणि मधली सगळी गाळून तिथे टिंबं दिलीत. हे काय?

आपल्याकडे पोर शुक्रवारी झालं की सुकऱ्या, बुधवारी झालं की बुध्या, सोमवारी झालं की सोम्या. वार सातच. आडनाव अख्ख्या पाड्याचं एक. सरकारचा निराधारांचा पगार वाटायचा असला की कचेरीत माझ्या खिडकीपुढे सुकऱ्या वारघडेच सुकऱ्या वारघडे. मी मान वर न करता विचारायची, "कोनाचा सुकऱ्या?" पुढचा सांगायचा, "फागूचा." मागचा सांगायचा, "बुध्याचा." तेवढं कळलं की कागद त्याच्या हातात. इतक्या वर्षांत एकाचा पगार दुसऱ्याला गेला नाही, आणि हे मी गर्वाने लिहिते, कारण गर्व करण्यासारखंच आहे. पहिलं नाव आणि आडनाव सगळ्यांचंच सारखं असतं गं. माणूस कळतो तो मधल्या नावावरून. आणि तुम्ही शिकलेल्या पोरांनी नेमकं तेच गाळलंत!

आत्या


पुणे,
२ मार्च २०२५

ती. आत्या,

सुकऱ्यांची गोष्ट वाचून खूप हसले. पण खरं सांगू, थोडा रागही आला. अगं, जगभर पत्ता असाच दाखवतात. फोनचा पडदा केवढासा! एवढी लांब माळ कोण वाचणार? पुढचं-मागचं जुळलं की तोच पत्ता, असं सगळे धरून चालतात.

आणि इथे वेगळंच चाललंय. आमचे सुशील सर म्हणतात की हा पडदा मध्ये मध्ये येतो, लोक कंटाळतात, काढूनच टाकू. एप्रिलच्या शेवटी निर्णय आहे. मी पडदा वाचवायच्या मागे आहे आणि तू म्हणतेस त्यात आणखी वाढव. मला आता काही सांगू नकोस, प्लीज. बाकीचं नाणं भाव जरा वर आला की पाठव. सध्या पडलाय.

निशा


खोडाळा,
१७ मार्च २०२५

निशा,

शिमग्याला ठाणे-भिवंडीकडून सगळी पोरं घरी आली होती. पाडा भरला होता, पाणी दुप्पट लागत होतं. धोंडीबाई दिवसातून किती वेळा खाली गेली तिचं तिलाच ठाऊक. होळीच्या दुसऱ्या दिवशी चढावर तिचा पाय निसटला. हंडा खाली गडगडत गेला आणि ही दगडावर पडली. मनगट मोडलं. मी तिला जीपमध्ये घालून जव्हारला नेलं, प्लास्टर घालून आणलं. वाटेत कण्हायची सोडून म्हणत होती, "हंडा फुटला का गं? बघ ना, हंडा फुटला का." मला रडू आलं, आणि रागही आला, आणि कोणावर काढायचा ते कळेना.

आता मी भावाबिवाची वाट बघणार नाही. आहे त्या भावात काम भागतं, हिशेब करून पाहिलाय. मी सूर्यमाळला धोंडीबाईजवळ राहायला जातेय. तिथे रेंज नाही, पोस्टमन आठवड्याने उगवतो. चंद्रकांतला जव्हारला भेटेन तेव्हा तिथूनच नाणं पाठवीन. मला आता सगळं येतं, काळजी नको.

तुझ्या साहेबाला सांग, लोक कंटाळतात म्हणून कोणी दाराला कडी लावायची सोडत नाही. आणि तू रागावलीस तर रागाव. माझं म्हणणं मी मागे घेत नाही.

आत्या


पुणे,
२९ मार्च २०२५

ती. आत्यास,

धोंडीकाकूंचं वाचलं आणि मला स्वतःची लाज वाटली. तू त्या चढाचं लिहितेस आणि मी तुला पडद्याच्या रुंदीचं सांगत बसले. काकूंना माझा नमस्कार सांग.

पत्र वाचून झाल्यावर मी उठले आणि मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर तुझी खिडकी मांडली. सात वार, एक आडनाव, रांगेत सगळे सुकऱ्या. सगळे हसले. सुशील सर तर डोळे पुसत होते. मग मी फळ्यावर दोन पत्ते लिहिले. पुढची चार अक्षरं सारखी, मागची चार सारखी, मधली वेगळी. म्हटलं, "आपल्या पडद्यावर हे दोघं कसे दिसतात, सांगा." दोघंही अगदी एकसारखे दिसत होते. आणि असले जुळे पत्ते मुद्दाम बनवून देणारी चोरटी यंत्रं आहेत हे तिथे प्रत्येकाला माहीत होतं. फक्त ते आपल्या पडद्यावर येईल असं कोणाच्या मनात आलं नव्हतं, माझ्याही नाही.

मग मी हटून बसले. आत्या, मी इतकी कधी भांडले नाही. शेवटी सर म्हणाले, "कर. पण एप्रिलअखेर त्याचा उपयोग झालेला दाखव, नाहीतर पडदाच जाईल." आम्ही रात्रंदिवस खपून केलं. आता मधली अक्षरं उघडी, ठळक दिसतील. आणि ज्या पत्त्यावर तू आधी कधी पाठवलं नसशील, तिथे भगव्या रंगात तसं लिहून येईल. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तुझ्या फोनमध्ये आपोआप बदल होईल.

तोवर पाठवू नकोस, मी हात जोडते. आणि पाठवताना पत्ता जुन्या व्यवहारांच्या यादीतून उचलू नकोस. एक्स्चेंजच्या खात्यात जाऊन ताजा काढ.

तुझी निशा


पुणे,
९ एप्रिल २०२५

आत्या,

तुझं काहीच उत्तर नाही. फोन लावला, बंद. बाबा म्हणतात तू वरच आहेस. माझं पत्र खोडाळ्यात पडून राहिलं आणि तू जव्हारला उतरलीस तर? कालपासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. मिळेल त्या जीपवाल्याकडे दोन ओळी लिहून दे. पाठवलंस का? नीट पोचलं का?

निशा


जव्हार,
१४ एप्रिल २०२५

चि. निशा, आधी जेव. मग वाच.

तुझी दोन्ही पत्रं खोडाळ्याच्या जीपवाल्याने मला काल इथे आणून दिली, आणि व्यवहार झाला परवा. म्हणजे तू जे जे करू नकोस म्हणून लिहिलंस, ते ते मी सगळं करून बसले होते. ऐक.

परवा मी चंद्रकांतच्या दुकानात पोचले. पंप येऊन पडलेला, पाइपांची भेंडोळी दारात. तो म्हणाला, "बाई, आज पैसे आले तर उद्या जीप भरतो." मी ऐटीत फोन काढला. जुनी यादी उघडली, फेब्रुवारीत पाठवलं होतं तो पत्ता सगळ्यात वर. पुढची चार अक्षरं तीच, मागची तीच. उचलला, रक्कम घातली, 'पाठवा' दाबलं.

पडदा आला, आणि मला वाटलं फोन बिघडला. पत्ता हा एवढा लांब! टिंबं गायब, मधली अक्षरं ठसठशीत. आणि वर भगव्या अक्षरांत, "या पत्त्यावर तुम्ही याआधी कधीच पाठवलेलं नाही." कधीच कसं नाही? एसटीच्या शेडमध्ये बसून पाठवलं ते काय स्वप्नात? चंद्रकांत मागून म्हणतोय, "दाबा ना बाई, रेंज जाईल." मी म्हटलं, "जाऊ दे रेंज." पेन घेतलं, पडद्यावरची मधली अक्षरं तळहातावर उतरवली. मागे फिरले. एक्स्चेंजच्या खात्यात जाऊन माझा खरा पत्ता काढला आणि तळहात शेजारी धरला. पुढचं तेच. मागचं तेच. मधलं एक अक्षर जुळेना.

मी भर दुकानात फोनला विचारलं, "कोनाचा रं तू?" चंद्रकांतला वाटलं बाईंना ऊन लागलं. त्याने पाणी आणून दिलं. पाणी पिऊन मी खरा पत्ता घातला. पुन्हा तुझा पडदा आला, भगवी ओळ नव्हती, मधलं सगळं जुळलं. मग मात्र मी देवाचं नाव घेऊन दाबलं. गेलं, पोचलं, विकलं. कर कापला गेला, तो जाणारच होता. आज सकाळी बँकेत आलं आणि दुपारी चंद्रकांतच्या हातात पडलं.

निशा, दुसऱ्या कोणाच्या खिशात गेलं असतं गं सगळं. धोंडीबाईचं पाणी कुठल्या तरी चोराच्या घरात गेलं असतं. मी जन्मभर दुसऱ्यांना नाव विचारलं आणि स्वतःची वेळ आली तेव्हा यादीतलं पहिलं नाव बघून निघाले होते. तुझ्या पडद्याने माझा हात धरला. माझी छाती अशी भरून आलीय की जव्हारच्या बाजारातून चालताना दिसेल त्याला सांगतेय, माझी भाची बघा, माझी भाची!

आत्या


पुणे,
२० एप्रिल २०२५

ती. आत्यास, आनंदाने उड्या मारत नमस्कार.

वाचता वाचता मी खुर्चीतून उठलेच. जव्हारला रेंज मिळताच तुझ्या फोनमध्ये नवा बदल आपोआप उतरला असणार. तू थोडंसं पाठवलंस तेव्हाच तो व्यवहार कुठल्या तरी यंत्राने हेरला. हे व्यवहार सगळ्या जगाला दिसतात. मग त्याने तुझ्या पत्त्यासारखाच दिसणारा पत्ता बनवला आणि तिथून तुला नाण्याचा एक कण पाठवून दिला, म्हणजे तुझ्या यादीत तो वर येऊन बसेल आणि तू तोच उचलशील. असे किती जण फसतात, आणि फसल्यावर कोणी बोलत नाही. तू फसली नाहीस!

तुझं पत्र मी मीटिंगमध्ये मोठ्याने वाचलं. "कोनाचा रं तू" ला टाळ्या पडल्या. सुशील सर उभे राहिले आणि म्हणाले, "पडदा राहील. एप्रिलअखेरची वाट बघायला नको." आणि त्याच दमात 'पूर्वावलोकन' काढलं. आता तिथे लिहिलंय, "पाठवण्याआधी बघा." आत्या, मी बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले आणि मग मिसळ खाल्ली. बाबांना मीच फोन केला. या वेळी त्यांनी विचारलं नाही मी काय करते. त्यांनीच मला सगळं समजावून सांगितलं, मधल्या अक्षरांसकट!

तुझीच, निशा


सूर्यमाळ,
४ मे २०२५

चि. निशा,

पाणी आलं.

अक्षय्यतृतीयेच्या आदल्या दिवशी चंद्रकांतने शेवटचा पाइप जोडला. शिमग्याला घरी येऊन इथेच राहिलेल्या पोरांनी चर खणले, टाकी बसवली, ऊन म्हटलं नाही की तहान म्हटली नाही. अख्खा पाडा नळाभोवती जमला. चंद्रकांतने खालून हाक दिली, कळ दाबली. आधी नळातून नुसती हवा आली, फुसफुस करत. कोणीतरी म्हणालं, "नाय येत." मग लाल चिखल आला, मग गढूळ, आणि मग असं स्वच्छ, थंड, जोरात आलं की पुढे उभी असलेली शेजारची पारू डोक्यापासून पायापर्यंत भिजली. एकच ओरडा झाला. म्हाताऱ्या नाचल्या. मीही नाचले, माझं वय तुला माहीत आहे.

बायकांनी सवयीने हंडे रांगेला लावले. टाकी भरत होती, नळ थांबत नव्हता, तरी रांग मोडेना. मग हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं की घाई नाही. एकीने हंडा उचलून घरी ठेवला, मग दुसरीने.

धोंडीबाई गळ्यात हात अडकवून ओट्यावर बसली होती. सगळं शांत झाल्यावर मला जवळ बोलावून म्हणाली, "हौशे, आता दुपारचा मी करू काय गं?"

खरंच विचारत होती ती. इतक्या वर्षांची दुपार तिच्या हातात आली होती आणि तिचं काय करायचं असतं हे तिला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "झोप."

ती ओट्यावरच आडवी झाली. उन्हं कलली, गुरं परत आली, पोरांनी नळाखाली अंघोळी केल्या, केवढा गलका चालला होता. धोंडीबाई तोंड उघडं टाकून झोपली होती. तिला कोणी उठवलं नाही.

तुझी आत्या